आयरिश पूर्वजांचा माग: जहाजाच्या आधी गाव शोधा

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस आयलंडवर स्थलांतरितांची नोंद घेणारं नवं केंद्र सुरू झालं. तिथे पहिलं नाव लिहिलं गेलं ते आयर्लंडच्या कॉर्कहून आलेल्या अ‍ॅनी मूर या मुलीचं. ‘नेव्हाडा’ जहाजातून ती दोन धाकट्या भावांना सांभाळत आली होती; आईवडील आधीच न्यूयॉर्कला पोहोचले होते. दहा डॉलरचं सोन्याचं नाणं देऊन तिचं स्वागत झालं, वर्तमानपत्रांत बातमी आली. एखाद्या स्थलांतरिताचा माग काढायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही, असंच कुणालाही वाटेल.

तरीही कित्येक वर्षं लोक भलत्याच अ‍ॅनी मूरची कहाणी खरी मानत होते. ती टेक्सासला गेली, तिथेच संसार केला आणि १९२३ मध्ये अपघातात वारली, असं सगळीकडे सांगितलं जाई. २००६ मध्ये वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी मूळ कागद तपासले, तेव्हा टेक्सासची अ‍ॅनी मूर अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्क सोडून कुठेही गेली नव्हती. ती लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत राहिली, तिथेच तिचं लग्न झालं, पुष्कळ मुलं झाली, काही लहानपणीच गेली. १९२४ मध्ये ती वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत नावाचा दगडही नसलेल्या कबरीत तिला पुरलं.

जिच्या येण्याची बातमी छापून आली होती, तिच्या बाबतीत हे घडलं. मग १८४७ मध्ये उपाशीपोटी जहाजात चढलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, मर्फी, केली किंवा सलिव्हन अशा आडनावाच्या माणसाचं काय होत असेल? आयरिश पूर्वज शोधणाऱ्यांना मी नेहमी एकच गोष्ट सांगते: जहाजापासून सुरुवात करू नका. जहाजाच्या यादीत नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. आधी त्याचं गाव शोधा. त्यासाठी त्याच्या एकट्याच्या मागे न लागता त्याचं सगळं गणगोत शोधा.

हा विषय आपल्याला अगदीच लांबचा नाही. डब्लिन, बॉस्टन, टोरांटो, मेलबर्न इथे राहणाऱ्या मराठी घरांत आता आयरिश वंशाच्या सुना-जावई आहेत, आणि नातवंडांच्या वंशवृक्षाची एक बाजू भरलेली व दुसरी मोकळी राहते. ती मोकळी बाजू कशी भरता येते, ते सांगते.

जहाजाच्या यादीत काय असतं, काय नसतं

आयर्लंड १९२२ पर्यंत ब्रिटनचा भाग होता. ब्रिटनच्या बंदरांतून युरोपबाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या जपल्या गेल्या त्या १८९० पासूनच्या. त्या लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. म्हणजे १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या मोठ्या दुष्काळात देश सोडलेल्यांची निघतानाची यादी बहुधा मिळतच नाही. जे काही हाती लागतं ते पोहोचल्या ठिकाणी, तेही तिथल्या सरकारने नोंद ठेवली असेल तरच.

अमेरिकेने ती ठेवली. १८१९ च्या कायद्याप्रमाणे १८२० पासून प्रत्येक जहाजाच्या कप्तानाला उतारूंची यादी बंदरावर द्यावी लागे. पण या जुन्या यादीची एक ओळ नीट पाहा: नाव, वय, स्त्री की पुरुष, धंदा, देश, कुठे जाणार. धंद्याच्या रकान्यात पुरुषांसमोर बहुतेक ‘मजूर’ आणि बायकांसमोर ‘नोकर’. देशाच्या रकान्यात ‘आयर्लंड’, आणि तेही पहिल्या नावासमोर एकदा लिहून खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. गावाचं नाव नाही, आईबापांचं नाव नाही. १८४६ ते १८५१ या काळात न्यूयॉर्कला उतरलेल्या सहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट शोधता येतील अशा ठेवल्या आहेत. त्यांत ‘मेरी सलिव्हन’ टाकून बघा. ढीगभर मेरी सलिव्हन समोर येतील, आणि त्यांतली आपली कोणती हे ठरवायला त्या ओळीत काहीही नसेल.

बंदराचं नावही फसवतं. दुष्काळाच्या काळात बहुसंख्य लोक डब्लिनहून किंवा दुसऱ्या आयरिश बंदरातून छोट्या आगबोटीने लिव्हरपूलला जात आणि तिथून अटलांटिक ओलांडणारं जहाज पकडत. यादीवर बंदर ‘लिव्हरपूल’ दिसलं की पुष्कळ जण पूर्वजाला इंग्रज समजून शोध सोडून देतात. पुढे वाफेची मोठी जहाजं कॉर्कजवळच्या क्वीन्सटाऊनला थांबू लागली. या गावाचं मूळ नाव कोव्ह. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरिया तिथे उतरली म्हणून क्वीन्सटाऊन झालं आणि स्वातंत्र्याच्या सुमारास पुन्हा कोव्ह झालं. ‘टायटॅनिक’चा शेवटचा थांबा हाच. पूर्वज ‘क्वीन्सटाऊनचे’ अशी आठवण घरात असेल, तर ते बहुतेक वेळा जिथून निघाले त्या बंदराचं नाव असतं, जन्मगावाचं नव्हे.

१८९० च्या दशकात चित्र बदललं. १८९३ च्या अमेरिकी कायद्याने याद्यांतले प्रश्न वाढवले: शेवटचं राहण्याचं ठिकाण कोणतं, तिकिटाचे पैसे कुणी भरले, कुणाकडे चालला आहात, त्याचा पत्ता काय. १९०७ पासून मागे राहिलेल्या सर्वांत जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता आणि जन्मस्थळही लिहिलं जाऊ लागलं. या काळातली यादी म्हणजे खजिना आहे. तिकिटाचे पैसे बहिणीने भरले, उतरणार बहिणीकडे, मागे आई अमुक गावी, इतकं सगळं एका ओळीत मिळतं. दुष्काळानंतरचं आयरिश स्थलांतर असंच चालायचं. थोरली बहीण पुढे जायची, लोकांच्या घरी कामं करून पैसे साठवायची आणि धाकट्यांना एकेक करून बोलावून घ्यायची. आपल्या आजोबांच्या ओळीत गाव नसलं, तरी त्यांच्या मागून दहा वर्षांनी आलेल्या भाचीच्या ओळीत ते सापडू शकतं. गणगोत शोधा म्हणते ते यासाठी.

एक गैरसमज इथेच दूर करते. ‘एलिस आयलंडवर कारकुनाने आमचं आडनाव बदललं’ ही गोष्ट असंख्य घरांत सांगितली जाते. तिथले कारकून नावं नव्याने लिहीतच नव्हते. जहाज कंपनीने निघतानाच तयार केलेली यादी समोर ठेवून ते उतारूंना प्रश्न विचारत. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कामावर, चर्चमध्ये, आणि बऱ्याचदा लोकांनी स्वतःहून बदलली.

१९२२ ची आग आणि तिच्यातून वाचलेले कागद

आयरिश शोधाबद्दल बोलताना कुणीतरी हटकून म्हणतं, “सगळं जळून गेलं, आता काही मिळायचं नाही.” आग लागली होती हे खरं. आयर्लंडमध्ये यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीत ब्रिटनशी झालेला करार न मानणारे बंडखोर शिरले होते. ३० जून १९२२ ला तिथे मोठा स्फोट झाला आणि शेजारच्या सार्वजनिक अभिलेख कचेरीतले सात शतकांचे कागद राख झाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणना जवळजवळ पूर्ण गेल्या. मृत्युपत्रं गेली. चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून जास्त पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या भागांची, दफ्तरं गेली, कारण कायद्यानुसार ती तिथे जमा केलेली होती.

पण सगळा दोष आगीचा नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारने स्वतःच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात कागदटंचाई झाल्यावर लगद्यासाठी दिले गेले. आगीपेक्षा हे जास्त जिव्हारी लागतं, कारण हे ठरवून झालं.

आता वाचलं काय ते पाहा. कॅथलिक चर्चची दफ्तरं सरकारकडे कधी जमा झालीच नव्हती, ती गावोगावच्या धर्मगुरूंकडे राहिली, म्हणून वाचली. आणि स्थलांतर केलेले बहुसंख्य लोक कॅथलिकच होते. जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी वेगळ्या कचेरीत होती, तीही वाचली. जमीन-आकारणीची पुस्तकं छापलेली होती, ती राहिली. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण शाबूत आहेत. जे जळालं त्याच्या इतरत्र असलेल्या नकला गोळा करून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा उपक्रम सगळ्यांसाठी खुला झाला.

टाऊनलँड

आयर्लंड चार प्रांतांत आणि बत्तीस काउंटींत विभागलेलं आहे हे बहुतेकांना माहीत असतं. काउंटीच्या खाली बॅरनी, तिच्या खाली सिव्हिल पॅरिश, आणि सर्वांत शेवटी टाऊनलँड. नावात ‘टाऊन’ असलं तरी शहराशी याचा संबंध नाही. नाव आणि ठरलेल्या हद्दी असलेला तो जमिनीचा छोटा तुकडा असतो. कधी त्यावर पाच-दहा घरं, कधी एकही नाही. देशभर असे साठ हजारांहून जास्त टाऊनलँड आहेत. माणूस स्वतःला त्याच नावाने ओळखायचा, आणि तुमचा शोधही तिथवर पोहोचायला हवा. नुसती काउंटी कळून भागत नाही, कारण एकेका काउंटीत त्याच नावाची पंधरा-वीस माणसं सहज असतात.

आणखी एक गुंतागुंत आहे. कॅथलिक चर्चची पॅरिश आणि सरकारी सिव्हिल पॅरिश या वेगवेगळ्या, त्यांच्या हद्दी जुळत नाहीत, कधी नावंही जुळत नाहीत. तिसरा विभाग ‘युनियन’चा, गरिबांना सरकारी मदत देण्याच्या कायद्याखाली पाडलेला; जन्ममृत्यूची नोंदणी त्याच्या नावाने होते. एखाद्याच्या जन्मनोंदीवर ‘स्किबरीन’ दिसलं म्हणजे तो स्किबरीन गावात जन्मला असं नाही. त्या नोंदणी-विभागातल्या कुठल्याही खेड्यातला तो असू शकतो. नोंदीचं मूळ पान उघडून पाहिलं की जन्मस्थळाच्या रकान्यात टाऊनलँड दिसतो. पुष्कळ जण अनुक्रमणिकेवरच थांबतात आणि चुकीच्या गावाला जाऊन येतात.

मग टाऊनलँड शोधायचा कुठे? आयर्लंडमध्ये नव्हे, माणूस जिथे जाऊन राहिला त्या देशात. आधी तिथलं सगळं संपवा. कबरीच्या दगडांवर आयरिश लोक आवडीने काउंटी आणि पॅरिश कोरत. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात १८४१ पासूनच्या मृत्युनोंदी आहेत आणि त्यांत आईबापांची नावं सापडतात. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत देशात कोणत्या वर्षी आलात हा प्रश्न आहे. नागरिकत्वाचे अर्ज सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर जन्मस्थळ, जहाज, तारीख सगळं मिळतं. त्याआधीच्या अर्जांत बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ एवढंच.

दोन संग्रहांबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण त्यांत माणसं प्रत्यक्ष बोलताना ऐकू येतात. पहिला, बॉस्टनच्या ‘द पायलट’ या कॅथलिक वर्तमानपत्रातल्या ‘मिसिंग फ्रेंड्स’ जाहिराती. १८३१ पासून १९२१ पर्यंत त्या छापून येत होत्या. अमक्या काउंटीतल्या तमक्या पॅरिशमधला, अमुक साली अमुक जहाजाने निघालेला, शेवटचं पत्र आलं तेव्हा रेल्वेच्या कामावर असलेला माझा भाऊ, याची खबर कुणी देईल का, बहीण वाट पाहते आहे, अशा धर्तीचा मजकूर. हरवलेल्या माणसाला ओळखता यावं म्हणून देणाऱ्याने गाव, पॅरिश, आईचं माहेरचं आडनाव असं सारं काही लिहिलेलं असतं. बॉस्टन कॉलेजने या जाहिराती शोधता येतील अशा उपलब्ध करून दिल्या आहेत. दुसरा संग्रह न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेचा. ही बँक १८५० मध्ये आयरिश स्थलांतरितांसाठीच निघाली. खातेदारांना बहुधा सही करता येत नसे, मग समोरचा माणूस तोच आहे हे ओळखायचं कसं? बँकेने ‘टेस्ट बुक’ ठेवलं. खातं उघडताना जन्मगाव, जहाज, आल्याचं साल, आईबाप, भावंडं, कोण कुठे आहे, कोण वारलं, हे विचारून लिहून घेत, आणि पैसे काढताना तेच प्रश्न पुन्हा विचारत. चोरापासून पैसे वाचवायला केलेली ही युक्ती आज एकेका कुटुंबाचा पुरा इतिहास होऊन बसली आहे. ही पुस्तकं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

गाव कळल्यावर

आता आयर्लंडच्या दफ्तरांकडे वळता येतं, आणि ती बरीचशी फुकट पाहता येतात. डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशांच्या जुन्या दफ्तरांची छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली केली. साधारण १८८० पर्यंतच्या नोंदी त्यांत आहेत. बाप्तिस्म्याची नोंद एका ओळीची असते: तारीख, मुलाचं नाव, बाप, आई तिच्या माहेरच्या आडनावासह, आणि धर्मपिता-धर्ममाता, धर्मगुरू नेटका असेल तर टाऊनलँडही. नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात. जेम्सचा ‘जेकोबस’ होतो, विल्यमचा ‘गुलिएल्मस’, नोराची ‘होनोरिया’. हे माहीत नसेल तर समोर असलेला माणूसही दिसत नाही. धर्मपिता-धर्ममातेची नावं कधीही सोडू नका. ते बहुतेक काका, मामा, मावशी असतात, आणि तीच नावं पुढे बॉस्टनच्या किंवा सिडनीच्या चर्चमध्ये दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाप्तिस्म्यात भेटली की दोन किनारे जोडले जातात. पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशांत ही दफ्तरं उशिरा, काही ठिकाणी तर दुष्काळानंतरच सुरू होतात. तिथे त्याआधीचं फारसं मिळत नाही हे मान्य करून पुढे जावं लागतं.

सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सर्वांसाठी आहे. कॅथलिकेतर विवाहांची १८४५ पासून. त्याआधी देश सोडलेल्याचा जन्म इथे मिळणार नाही. पण मागे राहिलेल्या त्याच्या भावाचं लग्न मिळेल, आणि त्या नोंदीत दोन्ही बापांची नावं आणि राहण्याचे टाऊनलँड असतील. एवढ्याने काम होतं.

दुष्काळाच्या काळातली जळालेली जनगणना थोडीफार भरून काढणारं साधन म्हणजे ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात देशातल्या प्रत्येक जमिनीची आणि घराची कर-आकारणी झाली. आपल्याकडे सातबारा उघडला की जमीन कुणाच्या ताब्यात आणि कोण ती कसतो ते कळतं, तसंच हे. टाऊनलँडच्या नावाखाली कुळाचं नाव, पुढे जमीनदाराचं, मग वर्णन: घर, गोठा, जमीन, की नुसतं घर, मग एकर आणि आकारणीची रक्कम. सुरुवातीला आकडा आणि अक्षर दिलेलं असतं. ते सोबतच्या नकाशावर शोधलं की घर नेमकं कोणत्या तुकड्यावर होतं ते बोट ठेवून दाखवता येतं. एका टाऊनलँडमध्ये एकाच नावाची दोन कुळं असली की पुढे कंसात बापाचं नाव घालत. तो कंस पाहून कित्येकांना एक पिढी मागे जाता आलं आहे. आणि हे पुस्तक छापल्यावरही अधिकारी जुन्या वहीत बदल लिहीत राहिले: एक नाव वेगळ्या शाईने खोडून वर दुसरं, बाजूला साल. बापाचं नाव खोडून धाकट्या मुलाचं आलं की समजायचं, बाप वारला आणि थोरले बहुधा परदेशी गेले. याआधीच्या पिढीसाठी १८२० आणि १८३० च्या दशकांतली टाइद कराची, म्हणजे चर्चसाठी शेतीवर घेतलेल्या कराची, पुस्तकं आहेत, पण त्यांत भूमिहीन मजूर नाहीत.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे कागद कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले आहेत. “आमचे तर १८५० मध्येच निघून गेले, आम्हाला याचा काय उपयोग?” असं विचारलं जातं. १९११ च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईला दोन आकडे विचारले होते: किती मुलं जन्मली, त्यांपैकी किती हयात आहेत. समजा, एका घरात म्हातारी, तिचा एक मुलगा आणि सून राहतात, आणि फॉर्मवर म्हातारीपुढे लिहिलेलं आहे: जन्मलेली दहा, हयात नऊ. मग उरलेली आठ कुठे आहेत? त्यांचा शोध न्यूयॉर्क, शिकागो, सिडनीत घ्यायचा. मला तरी या दोन आकड्यांइतकं आयर्लंडचं दुःख दुसऱ्या कुठल्या कागदात दिसलेलं नाही.

या दोन जनगणनांत वयांवर मात्र विसंबू नका. १९०१ मध्ये ५५ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७१ चा झालेला दिसेल. कारण मधल्या काळात सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन देण्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून ती सुरू झाली. काहींनी वय वाढवलं असेल, पण बऱ्याच जणांना आपलं खरं वय माहीतच नव्हतं. १८६४ पूर्वीचा जन्मदाखला आणायचा कुठून? मग वय सिद्ध करायला अर्जदार १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आपलं नाव शोधून मागत. अर्जात आईबापांची नावं आणि तेव्हाचा टाऊनलँड लिहीत, डब्लिनचा कारकून मूळ कागद काढून बघे आणि सापडलेलं त्याच अर्जावर टिपून ठेवी: घरात कोण कोण, कुणाचं वय काय. पुढे १९२२ मध्ये मूळ जनगणना जळाली, पण हे अर्ज राहिले. त्यांतून दुष्काळाआधीच्या कित्येक घरांची पूर्ण यादी आज वाचता येते, समुद्रापार गेलेल्या भावंडांसकट. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने हे अर्ज फुकट खुले केले आहेत, आणि तरीही फार थोडे लोक तिथवर जातात.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि मुंबई

अमेरिकेच्या याद्यांत पूर्वज सापडत नसेल तर कॅनडाचा विचार करा. कॅनडातून इमारती लाकूड घेऊन ब्रिटनला आलेली जहाजं परत जाताना रिकामी जाण्याऐवजी माणसं भरून नेत, म्हणून तिकडचं भाडं स्वस्त पडे. क्युबेकला उतरून लोक पायी, बोटीने दक्षिणेकडे अमेरिकेत शिरत. अमेरिकेने या सीमेवर नोंदी ठेवायला सुरुवात केली ती १८९५ मध्ये, आणि क्युबेकच्या सलग याद्या आहेत १८६५ पासूनच्या. १८४७ मध्ये या वाटेने आलेल्याची ना इकडे नोंद, ना तिकडे. त्या वर्षी सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस ईल बेटावरच्या विलगीकरण केंद्रात टायफसने थैमान घातलं. पाच हजारांहून अधिक माणसं त्या बेटावर पुरलेली आहेत. तिथल्या दफनांच्या आणि अनाथ मुलांच्या नोंदी कॅनडाच्या अभिलेखागारात पाहता येतात. पुष्कळ मुलं क्युबेकच्या फ्रेंच घरांनी वाढवली, म्हणून तिथे फ्रेंच बोलणारे पण आयरिश आडनावाचे लोक आजही भेटतात. काही वेळा जमीनदारांनी स्वतः भाडं भरून कुळांना बाहेर काढलं. रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाऊनहून १८४७ च्या मे महिन्यात १,४९० माणसांना डब्लिनपर्यंत चालवत नेलं आणि तिथून लिव्हरपूलमार्गे क्युबेकला पाठवलं. अशा जमीनदारांच्या दफ्तरांत पाठवलेल्या कुटुंबांच्या याद्या सापडतात. ग्रिफिथच्या पुस्तकात जमीनदाराचं नाव कळलं की त्याच्या कागदांची चौकशी नॅशनल लायब्ररीत करावी.

ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांचा शोध खूपच सोपा आहे, कारण तिथे बहुतेकांचं भाडं सरकार भरत होतं आणि पैसे देणारं सरकार बारकाईने विचारतं. न्यू साउथ वेल्सच्या याद्यांत जन्मगाव, आईबापांची नावं, ते हयात आहेत का, धर्म, वाचता येतं का, वसाहतीत कुणी नातलग आहे का, इतकं असतं. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या वर्कहाऊसांतल्या, म्हणजे निराधारांना ठेवून काम करवून घेणाऱ्या सरकारी आश्रयगृहांतल्या, चार हजारांहून अधिक अनाथ तरुण मुली ब्रिटनचे वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांच्या योजनेखाली सिडनी, मेलबर्न, अ‍ॅडलेडला पाठवल्या गेल्या. एकेका मुलीचं नाव जहाजाच्या यादीत आहे. सिडनीच्या हाइड पार्क बॅरॅक्समध्ये त्यांचं स्मारक आहे. पूर्वजाला गुन्ह्याची शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवलं असेल तर संकोच करू नका. त्याचे कागद सगळ्यांत जास्त असतात, आणि नवऱ्याबरोबर आपल्यालाही पाठवा म्हणून बायकांनी केलेले अर्ज डब्लिनला अजून आहेत.

काही आयरिश माणसं आपल्याकडेही आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा मोठा भरणा होता. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला पाठवत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरांत ‘एन ३’ या मालिकेत आहेत. घराण्यातला एखादा भाऊ ‘पलटणीत गेला आणि परत आला नाही’ असं कुणी सांगत असेल, तर पुण्या-मुंबईच्या छावण्यांतली त्याची नोंद तिथे पाहावी.

नावं जुळवताना

नावाच्या शुद्धलेखनावर कधीही अडून बसू नका. ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळतात, पुन्हा लागतात. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. आयरिश घरांत नावं ठेवायची एक जुनी पद्धत होती: पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं. नियम काटेकोर पाळला जाईच असं नाही, पण मुलांच्या नावांचा क्रम पाहून आजी-आजोबांचा अंदाज बांधता येतो. कुटुंबात एखादं विरळा नाव असेल तर शोधाची सुरुवात त्याच्यापासून करा. बराक ओबामा यांचे आयरिश पूर्वज मनीगॉल गावचे निघाले. १८५० मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या त्या पूर्वजाचं नाव फालमथ कार्नी होतं. पॅट्रिक असतं तर इतकं स्पष्ट उत्तर मिळायला फार कठीण गेलं असतं.

डीएनए चाचणीबद्दल हल्ली सगळे विचारतात. तिच्यातली वंशाची टक्केवारी बाजूला ठेवा, तिने गाव कळत नाही. उपयोग होतो तो जुळणाऱ्या दूरच्या भावंडांच्या यादीचा. त्यांच्यापैकी तीन-चार जणांचे पूर्वज एकाच पॅरिशमधले निघाले तर तिथली दफ्तरं उघडून बघायची.

टाऊनलँड नक्की झाला की तिथल्या माणसांना लिहा. ‘आयर्लंड रीचिंग आउट’ ही संस्था गॅलवेमधून सुरू झाली आणि आता पॅरिशनिहाय स्वयंसेवक परदेशी वंशजांना उत्तरं देतात. लिहिताना घराण्याची पूर्ण कहाणी पाठवू नका. टाऊनलँडचं नाव, ग्रिफिथच्या नकाशावरचा आकडा, १९११ च्या फॉर्मवर त्या घरात कोण होतं ते, आणि मागे राहिलेल्या भावाचं किंवा बहिणीचं नाव, एवढं लिहा. गेलेल्या माणसाची आठवण तिथे कुणाला नसते. राहिलेल्याची असते, आणि त्याचं शेत आज कोण कसतं हे शेजारी सांगू शकतो.